टँकर आला तेव्हा माझा डाव चालू होता

आमच्या बिल्डिंगखालच्या गाळ्यात पूलचं, म्हणजे स्टिकनं बॉल मारायच्या खेळाचं, टेबल आलं, त्या वर्षी जायकवाडी आटलं होतं. बजाजनगरात मजल्यावर मजले चढत होते, रोज नवं दुकान निघत होतं आणि नळाला पाणी नव्हतं. चार दिवसांनी एकदा टँकर यायचा. त्याची वेळ ठरलेली नसायची. हॉर्न तीनदा वाजला की पाइप घेऊन पळायचं आणि गल्लीत ठेवलेला आपला ड्रम भरून घ्यायचा. जो पोचला नाही त्याचा ड्रम रिकामा. घरात नवरा, सासू, दीर आणि मी अशी चार मोठी माणसं, पण हॉर्नकडं कान ठेवायचं काम माझं एकटीचं. तसं कुणी ठरवलं नव्हतं.

गाळा एका चाचांचा होता. दुपारी ते जेवून झोपले की त्यांच्या जागी त्यांच्या सूनबाई, आमच्या भाभी, बसायच्या. एकटीला कंटाळा यायचा त्यांना. मी पहिली पाळी करून वाळूजच्या कारखान्यातून परत आले की दारातून हाक मारायच्या.

"कॅरम खेळतीस ना? ये भी वैसाच है. फकत बोर्ड मोठा."

चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, लहानपणापासून. पण स्टिक हातात घेऊन वाकलं की कुणाशी बोलावं लागत नाही. मला ते लई आवडलं. तीन-चार महिन्यांत हात बसला. भाभी हरायला लागल्या आणि म्हणाल्या, "आता माझ्याशी खेळून काय फायदा? मर्दांना हरव."

पुरुष आधी हसले, मग खेळले. तिथं दोन नियम होते. जिंकेल तो टेबलावर राहणार. आणि डाव चालू असताना स्टिक ठेवून जो बाहेर गेला, त्याचा डाव गेला.

दुसरा नियम माझ्यावर वापरला तो कंपनीच्या बसवरच्या एका ड्रायव्हरनं. खेळायचा बरा, पण समोरचा नेम धरायला लागला की त्याचं तोंड सुरू. माझ्या वेळी त्यानं वेगळीच युक्ती काढली. मी वाकले की दाराकडं बघून म्हणायचा, "वहिनी, टँकर." मी स्टिक टाकून पळायचे. गल्लीत काहीच नसायचं. आत आले की सगळे खिदळत असायचे आणि तो नव्या डावासाठी त्रिकोणात बॉल लावत असायचा. "नियम म्हंजी नियम, वहिनी." असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी गेले नाही, पण कान तिकडंच राहिला आणि सोपा बॉल हुकला.

चिडचिड मी कुणाला सांगितली नाही. कारखान्यात मी पत्र्याच्या तुकड्यांची धार घासायचे, आणि शेजारीच पत्रा कापायची प्रेस धडधडायची. तिथं आम्हाला कानावर घालायला हेडफोनसारखे मफ द्यायचे. ते घातले की आवाज मरतो, उरतात डोळे आणि हात. माझी जुनी जोडी टेप लावून घरी आणलेली होती. एक दिवस तीच घालून मी टेबलापाशी उभी राहिले.

"आली हेडफोनवाली. कोणतं गाणं चाललंय, वहिनी?" त्यानं विचारलं, असं भाभींनी मला नंतर सांगितलं. मला त्याचे ओठ तेवढे हलताना दिसले. त्या दिवशी मी दोन डाव जिंकले.

पुरुषांनी चाचांकडं तक्रार केली की फाऊल सांगितलेला हिला कळणार नाही. चाचा म्हणाले, "हात दाखवा. उसकी आँखां सलामत हैं."

मग तो सुट्टीचा दिवस आला. समोर ड्रायव्हरच होता. माझा फक्त शेवटचा काळा बॉल राहिला होता, तो घातला की डाव माझा. त्याचे दोन होते. मी वाकले तेवढ्यात भाभींनी खांद्याला हात लावला आणि दाराकडं बोट केलं. भाभी खोटं बोलायच्या नाहीत. बाहेर शेजारणी पाइप घेऊन पळत होत्या. ड्रायव्हर टेबलापासून बाजूला झाला आणि बसचं दार उघडून द्यावं तसा त्यानं मला वाटेकडं हात केला. हसत होता.

मला आमची खिडकी आठवली. ती गल्लीतच उघडते. घरात आज तिघंही होते. मी पुन्हा वाकले.

बॉल पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला. आता त्याची पाळी. मी तेव्हाही जाऊ शकले असते, टँकर अजून भरलेला असणार. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पाय दाराकडं वळू दिले नाहीत. त्यानं एक बॉल घातला, दुसरा हुकला. मी काळा हळूच ढकलला. गेला. भाभींनी टाळी वाजवलेली दिसली.

बाहेर आले तर टँकर वळणावरून जात होता. आमचा ड्रम कोरडा ठणठणीत.

वर सासू दारातच होती. "बहिरी झालीस का? तीनदा वाजला हॉर्न."

"मी कान झाकले होते, आत्या," मी म्हणाले. "तुमचे उघडे होते की."

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. नवऱ्यानं टीव्ही बारीक केला. "बायांच्या रांगेत मी कुठं जाऊ?"

"मी पुरुषांच्यात जाऊन खेळून आले ना?"

दीर हसायला लागला, मग आईकडं बघून टीव्हीकडं वळला. सासूनं माझ्याशी बोलणं सोडलं. संध्याकाळी नवरा गाडीला दोन कॅन बांधून गंगापूर रोडच्या बोअरवर गेला. पुढचे दिवस आम्ही तांब्या-तांब्यानं काढले. मी अंगावर ओला पंचा फिरवून कामावर गेले. बाकीच्यांनीही तेच केलं. लाज वाटली नाही, असं लिहिणार नाही. पण पश्चात्ताप झाला नाही.

चौथ्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, "टँकर किती वाजता येतो?"

"नक्की नसतं. ऐकत राहावं लागतं," मी म्हणाले आणि मफ घेऊन खाली गेले.

त्या दिवशी त्याला पाइप नीट धरता आला नाही. शेजारणींनी त्याला "भाऊजी, बाजूला व्हा" म्हणत मागं ढकललं. ड्रम अर्धाच भरला. सासूनं मला रोखून बघितलं. मी अर्ध्या ड्रममधून स्वयंपाकापुरतं पाणी काढून घेतलं आणि भाकरी थापायला बसले. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर पुन्हा टेबलावर गेले.