न भाजलेला वाफा

कमळू कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हाच मी टाक खाली ठेवला. मुरबाडकडून शहापूरला तो उगाच येणारा माणूस नव्हे. "भाऊ, मामा गेलं," एवढंच म्हणाला... त्याला आता महिना उलटून गेला.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मामी गेल्यावर शेतकी खात्यातली नोकरी सोडून मुरबाडजवळच्या एका खेड्यात तुकडाभर भातशेती घेऊन एकटेच राहिले. माझी शेतीशी ओळख ताटातल्या भातापुरती. पण श्रोता म्हणून मी त्यांना चालायचो. तिकडे भाताची रोपं करायच्या वाफ्यावर उन्हाळ्यात शेण, पाला, फांद्या रचून राब भाजतात. मामा कळवळायचे. "कर्ब उडाला, नत्र उडाला, राहिली राख! अरे, मातीचं मातीला जाऊ द्या." मी मान डोलवायचो, बहुतेकदा ती डुलकीच असे. पहिल्या साली त्यांनी कच्चाच पाला मातीत मिसळला आणि रोपं हळदीसारखी पिवळी पडली. शेजारचा कमळू बांधावरून ओरडला, "मामा, तुमचा पाला जेवला, रोपा रायली उपाशी!" मामा खूशच झाले. "बरोबर बोललास! कुजताना मातीतला नत्र आधी पालाच खातो." पुढच्या साली त्यांनी खड्ड्यात मुरवलेलं खत घातलं, रोपं हिरवीगार आली. तरी राब कुणी सोडला नाही; त्या जाळात तणाचं बीही मरतं. "आन तण कोन काढंल?" कमळूचा सवाल.

शिवाय राब म्हणजे नुसता जाळ नव्हे. पाला तोडायला आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे, अशी सगळी वाडी फिरते. भाकऱ्या एकत्र सुटतात. राब न भाजणाऱ्याला कोण कशाला बोलावील? "एकानं जरी वाफा न भाजता राखला ना," मामा म्हणायचे, "तर बोलायला माणूस होईल रे." मी "होईल की" म्हणून एस.टी. गाठायचो...

परवा त्यांचं घर आवरायला गेलो. शिवारातले वाफे भाजून काळे झालेले. मामांचा वाफा तेवढा तपकिरी. आग आत शिरू नये म्हणून कुणीतरी भोवतीचं गवत खरवडून काढलेलं. कमळू पाटीनं खत आणून टाकत होता.

"पटलं का रे शेवटी?"

"नाय वो. तण तं मलाच काढाय लागंल. पन मामांचा हाये ना..." तो पाटी पालथी घालून तिच्यावर बसला. "भाऊ, त्यो नत्र म्हन्तात, त्यो डोल्यांना दिसतो का?"

मी सवयीनं घराकडे पाहिलं. दाराला कुलूप होतं. मीच नुकतं लावलेलं.