पाहिल्याची हिरवी खूण

अराक्सी तेर्झियान हे नाव पडद्यावर येतं तेव्हा थिएटरात झाडणारे शिरलेले असतात, इतकं ते शेवटी असतं. पण ग्लेंडेलमधल्या आमच्या गल्लीत चालून पोट भरलेली बाई ही एकटीच. एकतीस वर्षं त्या दुसऱ्यांसाठी चालल्या. सिनेमातली नटी दगडी जिन्यावरून उतरते तेव्हा आपल्याला तिची पावलं ऐकू येत नाहीत. नंतर कुणीतरी एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत, तिच्या पावलाला पाऊल जुळवून चाललेलं असतं, ते आपण ऐकतो. या कामाला फोली म्हणतात. अराक्सीबाईंनी राण्या चालल्या, शिपाई चालले, दोन खुनी चालले आणि एक गाभण हत्तीणसुद्धा.

त्यांच्या वडिलांचं इथल्याच ब्रॉडवे रस्त्यावर बूट दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकांनी परत न नेलेले जोड आधी त्या दुकानातून स्टुडिओत गेले आणि आता त्यांच्या गॅरेजमध्ये आहेत. दोनशेच्या वर आहेत. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: ‘विधवा, चाळिशीची’, ‘पोलीस, दमलेला’, ‘नवरदेव, बूट तंग’. गाडी बाहेर, उन्हात.

त्या खोलीत एकोणीस वर्षं त्यांच्याबरोबर जूनी हॅल्व्होर्सन होती. मिनेसोटाहून आलेली, उंच, तोंडातून शब्द मोजून काढणारी. पाय अराक्सीबाईंचे, हात जूनीचे. कपबशी, कडी, कपड्यांची सळसळ, चेहऱ्यावरून फिरवलेला तळवा, हे सगळं जूनी करायची. दुपारचा डबा एकत्र. आमच्याकडचा लवाश, म्हणजे रुमालासारखी पातळ रोटी, जूनीला इतका आवडायचा, की अराक्सीबाई तिच्यासाठी वेगळी चळत बांधून न्यायच्या.

मग एक सिनेमा पुरस्काराच्या यादीत आला. ध्वनीवाल्यांच्या संस्थेच्या फॉर्मवर त्यांच्या कामासाठी एकच ओळ होती. वरच्या साहेबांनी तिथे जूनीचं नाव घातलं. जूनीने म्हणे दुसऱ्याच दिवशी सांगितलं की दोघींचं घाला, पण मुदत संपली होती आणि मुदतीनंतर फॉर्मला हात लावायचा नाही असा नियम. बक्षीस काही मिळालं नाही. पण जूनी निळा झगा घालून त्या टेबलावर बसली, आणि अराक्सीबाईंनी घरी बसून टीव्हीवर तो निळा झगा साडेतीन सेकंद पाहिला. हे साडेतीन सेकंद मी त्यांच्या तोंडून किमान चाळीस वेळा ऐकलेत.

पुढे त्यांचा गुडघा गेला. खोली सुटली. जूनी पायही करू लागली.

“गुडघा गेला त्याचं नाही मला,” त्या म्हणायच्या. “म्हातारपणी जायचाच. पण माझे पाय हिनं उचलले, हास्मिक. न विचारता.”

“मग काय तिनं काम सोडायचं?”

“सोडायचं नाही. थोडं वाईट करायचं.”

यंदा फेब्रुवारीत जूनीचा सिनेमा यादीत आला. पाच सिनेमे, मत एकालाच. अराक्सीबाई संस्थेच्या सभासद आहेत, दरवर्षी मत देतात. यंदा मात्र नवा नियम निघाला होता: पाचही सिनेमे पाहिल्याशिवाय मतपत्रिका उघडणार नाही. संस्थेच्या साइटवर पाहायचे. सिनेमा पूर्ण झाला की नावापुढे हिरवी खूण येते, आणि पाच खुणा झाल्या की कुलूप निघतं. बाहेर पाहिला असेल तर कुठे, कोणत्या तारखेला, ते लिहून सही करायची.

चार खुणा झाल्या होत्या. पाचवा सिनेमा जूनीचा, ‘कोरडं तळं’. आता गंमत बघा. जूनीला मत द्यायचं नाही हे ठरलेलं होतं, ते दुसऱ्या एका युद्धपटाला द्यायचं होतं. पण युद्धपटाला द्यायचं तरी आधी जूनीचा पाहायला हवा. सव्वादोन तास.

“लिहा की थिएटरात पाहिला,” मी मुद्दाम म्हटलं. “कोण येतंय तपासायला?”

“रविवारी चर्चमध्ये उभी राहते मी. तोंड कुठे लपवू?” त्या म्हणाल्या. “आणि बघ, यादी लागल्यापासून बाईचा एक फोन नाही. मोठी झाली ना.”

मी संस्थेचं पत्र उचलून वाचून दाखवलं. यादीत नाव असलेल्याने मतदारांना फोन करायचा नाही, पत्र पाठवायचं नाही, जेवायला बोलवायचं नाही.

“सोयीचा नियम आहे,” अराक्सीबाई म्हणाल्या.

मंगळवारी संध्याकाळी पाचला मतदान बंद होणार होतं. सोमवारी सकाळी मी त्यांच्या ओव्हनचा मोठा ट्रे परत द्यायला गेले. मुलं शाळेत, नवरा कामावर, मला घाई नव्हती. मागचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप लावलेला आणि अराक्सीबाई पाठमोऱ्या, ओट्याशी कॉफी उकळत. पडद्यावर एक म्हातारी आपल्या नवऱ्याशी तावातावाने भांडत होती. ओठ हलत होते, हात उडत होते. आवाज शून्य.

“बिघडलाय का?” मी विचारलं.

“काही बिघडलं नाही. मी बंद केलाय.”

“आवाजाच्या बक्षिसाचा सिनेमा, आणि आवाज बंद?”

“सिनेमा पाहिला पाहिजे असं लिहिलंय. ऐकला पाहिजे असं कुठं लिहिलंय? दाखव.”

मी पत्र दोनदा वाचलं. खरंच कुठे लिहिलं नव्हतं. संस्थेच्या ध्यानीमनीही आलं नसणार की एकतीस वर्षं कानावर पोट भरलेली बाई असं काही करेल.

“बस,” त्या म्हणाल्या. “कॉफी घे. अजून पाऊण तास आहे. हिरवं झालं की युद्धाला मत, आणि विषय संपला.”

आम्ही बसलो. मिठाच्या तळ्याकाठचं गाव, म्हातारी, तिचा खाष्ट नवरा, त्याचं मरण. मी ओठांवरून अंदाज बांधत होते. अराक्सीबाई मुद्दाम कांदे सोलत होत्या, पडद्याकडे अर्ध्या डोळ्याने बघत. पण त्यांचे पाय कुणी सांभाळायचे? म्हातारी अंगणात आली की टेबलाखाली सपातांची टकटक. म्हातारी थबकली की टेबलाखाली शांतता. ती जिन्यावर एका पायाने अडखळली, आणि इथे अराक्सीबाईंची टाच अर्ध्या क्षणाने मागे राहून टेकली, अगदी तिच्यासारखी.

शेवटाकडे ती म्हातारी नवऱ्याला पुरून घराबाहेर पडते. पाठीवर बोचकं नाही, काही नाही. समोर मैलभर मिठाचा पांढरा पापुद्रा, आणि ती त्यावरून चालत निघते. कॅमेरा तिच्या बरोबरीने चालतो. तीन-चार मिनिटं नुसतं चालणं.

कांदे राहिले. अराक्सीबाई उठल्या, कपाटातून वाळून कडक झालेला लवाश काढला, मी आणलेल्या ट्रेमध्ये तो पसरला, वर मूठभर जाड मीठ टाकलं, आणि ट्रे जमिनीवर ठेवला. पायातली एक सपात काढून हातात घातली, स्टुलावर बसल्या, वाकल्या.

“दहा सेकंद मागे घे,” मला म्हणाल्या.

मी मागे घेतलं. पडद्यावर पाऊल पडलं आणि ट्रेमध्ये पडलं. काय सांगू, माझ्या दातांखाली मीठ आलं. प्रत्येक पावलाला करकर, मग पापुद्रा आत बसल्याचा बारीक दबका आवाज. तीन मिनिटं त्यांचा हात चुकला नाही. मानेवरून घाम निघाला होता.

“हे असं करायचं असतं,” त्या सरळ होत म्हणाल्या. चेहरा उजळला होता, वीस वर्षांनी लहान दिसत होत्या. “तिनं मांजराच्या संडासाच्या पेटीतली रेती वापरली असणार. आळशी. रेती सरकते, मीठ तुटतं. हा फरक तिला मी सांगून सांगून थकले.”

“मग ऐका की.”

“मला काय करायचंय ऐकून?”

पण त्यांचा हात लॅपटॉपकडे गेलेला होता. मला वाटतं त्यांना चूक हवी होती. इतक्या दिवसांचं ते जळणं, त्याला टेकायला एक खरी चूक मिळाली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी पुन्हा मागे घेतलं आणि आवाज पूर्ण वाढवला.

पहिली पावलं अगदी त्यांच्यासारखी. करकर, मग दबका. रेती नव्हती.

“लवाशच आहे,” त्या म्हणाल्या. “माझाच लवाश.”

मग पावलं हलकी होऊ लागली. आधी मला कळलं नाही. पण प्रत्येक पाऊल मागच्यापेक्षा थोडं कमी मोडत होतं. पापुद्रा आत बसेना, नुसता तडकू लागला. मग नुसता खरवडल्यासारखा. शेवटी पावलं होती, पण त्यांना वजन नव्हतं.

“चूक,” अराक्सीबाई झटकन म्हणाल्या. “धडधडीत चूक. कॅमेरा तिच्या बरोबरीनं चाललाय. ती लांब जात नाही, मग आवाज का कमी होतो? खोलीत आलेल्या नव्या पोरीला मी हे पहिल्या आठवड्यात शिकवायची.”

त्यांनी पुन्हा लावलं. मग पुन्हा. चौथ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. सिनेमा संपला, काळ्या पट्टीवर नावं सरकू लागली, तरी डोळे उघडेनात.

“आवाज कमी होत नाहीये,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “बाई हलकी होतेय. चाळीस वर्षं वागवलेला नवरा पायांतून उतरतोय तिच्या.”

त्यांनी डोळे उघडले.

“मला सुचलं नसतं हे. मी शेवटपर्यंत मीठ तोडत राहिले असते, मघाशी तोडलं तसंच. छान तोडलं असतं, पण तोडतच राहिले असते.” त्यांनी हातातली सपात ट्रेमध्ये टाकली. “एकोणीस वर्षं माझ्या शेजारी बसून पेले वाजवत होती ना? तेव्हा का नाही सुचलं तिला?”

“तेव्हा पाय तुमचे होते,” मी म्हटलं.

हे बोलायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगीच कॉफीचा रिकामा कप तोंडाला लावला.

लॅपटॉपवर हिरवी खूण आली होती. कुलूप निघालं होतं. पाच नावं, प्रत्येकापुढे रिकामा गोल.

“तोंड फिरव,” त्या म्हणाल्या. “मत गुप्त असतं. नियम आहे.”

मी खिडकीकडे तोंड केलं. समोरच्या अंगणातल्या झाडाला किती लिंबं आहेत ते माझं दोनदा मोजून झालं. मागे काहीच होत नव्हतं. एकदा बटणाचा टकटक आवाज आला, मग काहीच नाही. मग नाक शिंकरल्याचा. मग खुर्ची मागे सरकल्याचा.

“दिलं,” त्या म्हणाल्या.

“युद्धाला?”

“युद्धात बूट सगळे एकसारखे वाजतात. त्याला काय द्यायचं?” त्यांनी ट्रे उचलून ओट्यावर आपटला. “दिलं तिलाच. पण हे या घराबाहेर गेलं तर तुझ्या घरी पुन्हा पाऊल टाकणार नाही.”

मी मान डोलावली. मला वाटलं, आता यांना जरा मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांनी कांदे चिरायला घेतले आणि एक कांदा निम्मा होतोय तोच सुरी थांबली.

“निळा झगा परत घालेल का गं ती?”

“कोण जाणे.”

“तिच्याकडे दुसरा चांगला झगा नाहीच. तोच घालेल. आणि वर जाऊन भाषण करेल. तिला चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. माझं नाव घेईल का? घेतलं तर वाईट, लोक म्हणतील दया केली. नाही घेतलं तर…” सुरी खाली गेली. “संस्थेचा नंबर दे.”

“कशाला?”

“दे म्हटलं ना.”

पत्राच्या तळाशी मतदारांच्या मदतीसाठी नंबर होता. मी लावून दिला. फोन मोठ्या आवाजावर, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. पलीकडे एक तरुण मुलगी, अतिशय गोड बोलणारी.

“नमस्कार, मी सभासद तेर्झियान,” अराक्सीबाई म्हणाल्या. “एकदा दिलेलं मत बदलता येतं का?”

“नाही मॅडम. मत नोंदलं की ते अंतिम असतं.”

“चुकून दिलं असेल तर?”

“चुकून दिलंय का मॅडम?”

अराक्सीबाईंचं तोंड उघडं राहिलं. मला स्पष्ट दिसत होतं, एक शब्द बोलला की सुटका होती, निदान प्रयत्न तरी होता. त्यांनी ट्रेमधल्या चुऱ्याकडे पाहिलं.

“नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “चुकून नाही दिलं.”

“मग आम्हाला काही करता येणार नाही. अजून काही मदत हवी आहे का?”

“नको. तुम्ही लोक नियम नीट पाळता का, एवढंच बघत होते मी.”

त्यांनी फोन ठेवला, अर्धा कांदा पूर्ण चिरला, आणि मला विचारलं की दुपारी जेवायला थांबतेस का, कारण एवढ्या कांद्याचं त्या एकट्या काय करणार होत्या.