बाकाऐवजी मलिदा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, इस्रायल देशाच्या दक्षिणेकडील आमच्या गावच्या सार्वजनिक उद्यानात कसलीही उणीव नाही, असा निर्णय नगरपालिकेने सन एकोणीसशे बासष्टमध्ये घेतला आणि चौसष्टमध्ये तो कायम केला. या निर्णयाला नगरपालिकेपेक्षा माझं घराणं जास्त जबाबदार आहे.

गावाचं नाव सांगत नाही. नगरपालिका अजून आहे, आणि मलाही अजून तिथेच राहायचंय.

आता उद्यान म्हणजे काय, तर नगरपालिकेच्या नकाशात आमच्या इमारतीसमोरच्या जागेला हिरवा रंग दिलेला होता. तेवढीच काय ती हिरवळ. प्रत्यक्षात तिथे काटेरी झुडपं, फुटक्या बाटल्या, एका बाजूची साखळी तुटलेला झोपाळा आणि जन्मापासून कोरडा असलेला एक नळ होता. एक लाकडी बाकही होता. त्याला पाय दोन आणि फळी दीड. शेजारच्या शेळ्या मात्र इमानाने रोज चरायला यायच्या. (पुढे त्यांनीही नाद सोडला. शेळीलासुद्धा काही अपेक्षा असतात!)

आम्ही राहायचो शिकूनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. शिकून म्हणजे सरकारी चाळच, फक्त नळ घरात. मी आणि माझी बायको सारा, दोघंही दिवसभर कामावर, पोरं शाळेत. घरी राहायची एकटी आई. अलिबागकडच्या आमच्या गावी तिच्या ओट्यावर थांबल्याशिवाय एक बातमी पुढे सरकत नसे. इथे तिच्या वाट्याला आली एक खिडकी आणि हिब्रू बोलणारा रेडिओ. आईला हिब्रूतले दोन शब्द यायचे, आणि रेडिओ ते कधी वापरत नसे.

गुडघे धरत ती सकाळी खाली उतरायची. आमच्यातल्या, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंतल्या, आणखी तीन-चार म्हाताऱ्या यायच्या. जरा मराठी बोलणं व्हायचं, त्यावर तिचा दिवस निघायचा. पण बसणार कुठे? मी संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला होतो, तिथून तिला एक लाकडी खोकं आणून दिलं. आई ते भिंतीच्या सावलीत टाकून बसायची. सावली सरकली की आई खोकं सरकवायची. दहा वाजेपर्यंत ती भिंतीशी, अकराला फुटपाथवर आणि पुढे भर रस्त्यात! दोनदा बसवाल्याने हॉर्न मारून तिला घरी पाठवलं.

"पाठ टेकायला काही असतं ना," ती एकदा म्हणाली, "आणि डोक्यावर एखादं झाड, तर मी जेवणापर्यंत बसले असते रे."

एवढंच मागणं. पाठ असलेला एक बाक आणि एक झाड. माझगाव गोदीत वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला एवढंही सरकारकडून आणता येऊ नये? मी कमिटी काढली आणि स्वतःच तिचा अध्यक्ष झालो. दुसरा सभासद अमराम. हा मोरोक्कोचा, आमच्याच शेडमध्ये कामाला, तळमजल्यावर राहायचा. त्याने एकट्याने टेबलावर मुठी आपटून आमच्या रस्त्याला दिवा आणला होता. माझा विश्वास मुठीवर नव्हता, विनंतीवर होता.

नगरपालिकेत मी आधी साहेबांच्या प्रकृतीची चौकशी केली, मग त्यांच्या ऑफिसची तारीफ केली, मग आजवर केलेल्या कामाबद्दल आभार मानले. साहेब उभे राहिले आणि माझा हात हातात घेऊन त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं. त्यांना वाटलं, मी तेवढ्यासाठीच आलोय. तेवढ्यात अमरामने टेबलावर मूठ आपटली. चहाचा ग्लास उडून फायलीत पडला. साहेब परत येऊन बसले आणि म्हणाले की मंगळवारी जातीने पाहायला येतो.

हे साहेब उद्यान खात्याचे. हंगेरीहून आलेले, गोरेगोमटे, जाडसर आणि फार सभ्य. सगळा घात त्या सभ्यतेने केला.

परतताना अमरामने मला बजावलं. "हबीबी, आता कोणी काही हलवायचं नाही. घाण आहे तश्शी राहू दे. कमी वाटली तर मी घरून आणतो."

आणि त्याने आणलीही. गंजलेले रॉकेलचे डबे, पलंगाची मोडकी स्प्रिंग, पोराला अंघोळ घालायचा फुटका टब. सोमवारी संध्याकाळी तो एकेक वस्तू ठेवत होता आणि मी लांब उभा राहून सांगत होतो, तो डबा जरा डावीकडे घे, साहेबांच्या वाटेत आला पाहिजे. जन्मात मी एकदाच सजावट केली, ती त्या उकिरड्याची.

माझी चूक म्हणाल तर एवढीच, की घरी मी पुरतं सांगितलं नाही. म्हणालो, मंगळवारी साहेब येणार आहेत. सारानं विचारलं कुठे, तर म्हणालो आपल्याकडे, पार्क बघायला. आईने वर पाहिलं आणि साहेबांना नारळ चालतो का, एवढंच विचारलं. मी म्हटलं चालत असेल. पुढे कोणी काही बोललं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आमच्या घरात बायका गप्प बसल्या म्हणजे काहीतरी ठरलेलं असतं.

इथे एक सांगायला हवं. आमच्या लोकांत पाहुणा येणार म्हटलं की आधी खराटा हातात येतो. घरात खायला असो नसो, अंगण झाडलेलं पाहिजे. शिवाय ते दिवस कसे, तर हे हिंदुस्थानातून आलेले लोक कोण, कसले, खरे ज्यू तरी आहेत का, यांच्या चालीरीती खऱ्या की खोट्या, अशी आमच्याबद्दल वरच्या आवाजात चर्चा चाललेली. या सगळ्या प्रश्नांना आईचं उत्तर एकच होतं : खराटा. त्यातून तिने एलियाहू हानावीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस बोललेला. साहेबाचं पाऊल पार्कात पडलं की मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, करीन.

मंगळवारी मी आणि अमराम साहेबांना आणायला नगरपालिकेत गेलो. वाटेत आम्ही त्यांना तयार करत होतो. मी म्हटलं, नाकाला रुमाल लावावा लागेल. अमराम म्हणाला, बूट जाड आहेत ना, कारण तिथे साप आहेत. साहेब बिचारे पांढरे पडले. कोपऱ्यावर आल्यावर मी नाटकवाल्यासारखा हात पसरला आणि म्हणालो, "बघा साहेब, कसं जगतोय आम्ही!"

साहेबांनी बघितलं. आम्हीही बघितलं.

चारही इमारतींतल्या आमच्या बायका पहाटेपासून खाली उतरल्या होत्या. काटे उपटलेले, बाटल्या गायब, जमीन झाडून तिच्यावर सडा. तिसऱ्या मजल्यावरून बादल्या उतरवून त्यांनी इतकं पाणी मारलं होतं, की कोकणात नुकती सर पडून गेल्यासारखा वास येत होता. झोपाळा साराच्या जुन्या साडीच्या दोराने बांधलेला. अमराम आपले डबे शोधत होता. ते सापडले. चुना लावून ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकात सब्जाचं रोप. फुटक्या टबाची भोकं बुजवून त्यात पाणी आणि पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या. पलंगाची स्प्रिंग भिंतीला उभी करून तिच्यावर कोणाचा तरी वेल चढवलेला होता.

"माझी स्प्रिंग," अमराम एवढंच म्हणाला आणि मटकन खाली बसला.

एकच पुरावा उरला होता, आईचं संत्र्याचं खोकं. तेही दिसेना. मागाहून कळलं, आईने ते जिन्याखाली लपवलं होतं. पाहुण्यासमोर बरं दिसत नाही म्हणून.

साहेब बाकाकडे निघाले. मला आशेचा किरण दिसला. दोन पायांचा बाक, वर हे एवढं शरीर! मी मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली. एका सरकारी अधिकाऱ्याच्या अधःपतनासाठी इतकी कळकळीची प्रार्थना आजवर कोणी केली नसेल. साहेब बसले. बाक हलला नाही. वर आईची पलंगावरची चांगली चादर होती, आणि चादरीखाली, फळ्यांना आधार म्हणून, मुंबईहून आलेली आमची लोखंडी ट्रंक.

मग पांढऱ्या साड्यांतल्या बायका ताट घेऊन पुढे आल्या. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वर केळी आणि खजूर. साहेबांनी मलिदा एकदा घेतला, दुसऱ्यांदा मागून घेतला. अमराम उठून ओरडायला लागला, की हे सगळं खोटं आहे, काल इथे घाण होती, मी स्वतः आणून टाकली होती. हे वाक्य आमच्या बाजूने फारसं उपयोगी पडलं नाही.

साहेबांनी आईचा हात हातात घेतला आणि मला म्हणाले, "आजींना विचारा, इथे काय कमी आहे?"

मी विचारलं. हळूच पुस्तीही जोडली, "आई, बाक माग. झाड माग."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाहुण्याच्या ताटातलं उचलून खाल्लं होतं. "दारी आलेल्या माणसाला कमी आहे म्हणून सांगतात काय रे?" आणि मग साहेबांकडे वळून, आपल्याला येणारे हिब्रूतले दोन्ही शब्द तिने एकदम खर्च केले. "हाकोल बेसेदेर." सगळं ठीक आहे.

महिन्याभरात नगरपालिकेने पार्कात एक पाटी रोवली, 'रहिवाशांनी राखलेलं आदर्श उद्यान'. आमच्या नावाचे बाक नगरपालिकेच्या दारात कचरा ओतणाऱ्या पलीकडच्या वस्तीला गेले. अमराम रोश हाशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष, येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हा आपली स्प्रिंग परत मागितली. एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण कोणी बडा माणूस गावात आला की साहेब त्याला आमचं उद्यान दाखवायला आणायचे. आदल्या रात्री निरोप यायचा आणि सकाळी बायका खराटे घेऊन खाली! बादल्या उचलून उचलून त्या थकल्या. पाणी नाही म्हणून सब्जा वाळला. काटे परत आले, पाटीवर गंज चढला.

आईचं उतरणं हळूहळू कमी झालं. मधे टेकायला जागा नाही म्हणून दवाखान्यात जायचं ती टाळायला लागली. चौसष्टच्या उन्हाळ्यापर्यंत तिचं खाली येणं पार थांबलं. मी संध्याकाळी घरी आलो की ती खिडकीतून खालच्या खोक्याकडे बघत असायची. त्याच्यावर आता मांजर बसायचं.

तेव्हा अमरामने मोठ्या मनाने पुन्हा मूठ आपटली. साहेब पुन्हा येणार ठरलं. या वेळी मी खराटा कपाटात घालून कुलूप लावलं. साराने मुलांची शपथ घेतली. घाण आणावी लागली नाही, ती आपसूक पुरेशी होती. खोकं मी बरोबर पार्काच्या मधोमध ठेवलं. साहेबांना सांगायचं वाक्य महिनाभर शेडमध्ये संत्री गुंडाळताना पाठ करत होतो. माझी आई दोन वर्षं या खोक्यावर बसली, तिला एक बाक द्या.

साहेब आले. केस पिकले होते, चेहरा उन्हाने लाल झाला होता. त्यांनी बसायला जागा शोधली, मिळाली नाही, आणि ते त्या खोक्यावरच बसले. खोकं कुरकुरलं. साहेबांनी घाम पुसत चहूकडे पाहिलं. खरोखर शरमलेले दिसले. खिशातून पेन्सिल काढून म्हणाले, "सांगा, काय काय हवं? आज सगळं लिहून नेतो."

अमरामने माझ्या पायावर पाय दिला. मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत आई उभी होती, डोक्यावर पदर घेऊन, दारात पाहुणा आल्यासारखी, आणि अंगठा तोंडाकडे नेऊन मला खुणेने विचारत होती, चहा विचारलास का? मी साहेबांकडे पाहिलं. घामाघूम माणूस, आपल्या दारी आलेला, आपल्या खोक्यावर टेकलेला. महिनाभराचं पाठांतर ओठांपर्यंत आलं, तोंड उघडलं, आणि चार इमारतींना ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात मी म्हणालो,

"हाकोल बेसेदेर, साहेब. चहा घेणार?"