चार भोकांचा साचा

"डोळ्याचं ऐकू नका भाऊ. डोळा लय लबाड हाय," असं म्हणून माझा भागीदार डोळे चक्क मिटायचा आणि लोखंडाच्या पट्टीवरून अंगठा फिरवायचा. भोकासाठी ठोकलेली पंचाची खूण केसभर सरकलेली असली तरी त्याच्या अंगठ्याला ती लागायची. मी काटकोनाचा गुण्या लावून तपासायला बसलो की हा बाजूला बसून बिडी ओढत हसायचा.

निजामाच्या राज्यात, पूर्ण्याच्या स्टेशनामागं आमचं दोघांचं दुरुस्तीचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, एक भाता, एक ऐरण आणि एक हातड्रिल. वीज कुठली! भागीदारी तोंडी. कागद करू म्हटलं तर याला वाईट वाटायचं. "आपल्यात कागूद कशाला?" म्हणायचा. आणि मला ते गोड वाटायचं, काय सांगू.

गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये सरकी काढायच्या यंत्रांची बेअरिंगं सारखी झिजत. नवी बसवायला चार भोकं पाडावी लागत, आणि ती यंत्राच्या भोकांशी तंतोतंत जुळली नाहीत तर दांडा थरथरून मोडे. त्या एका कामावर आमच्या दोघांच्या चुली पेटत होत्या. पण हातड्रिल म्हणजे हट्टी बैल, दाबाल तिकडं जाणारच नाही.

मग याच्या एकेक युक्त्या. लोखंडावर आरशाचा तुकडा टेकवायचा, त्यात बघायचा, आणि ड्रिल आपल्या प्रतिबिंबाशी सरळ रेषेत आलं की म्हणायचा, "आता फिरवा." आडवं भोक असलं तर ड्रिलच्या दांडीत बायकोचं झिजलेलं जोडवं अडकवायचा. दांडी फिरताना जोडवं पुढं सरकलं तर ड्रिल खाली झुकलंय, मागं आलं तर वर गेलंय. वहिनींनी निरोप धाडला होता की जोडवं नेलं ते नेलं, उद्या मंगळसूत्र मागू नका म्हणावं. हा दिवसभर त्यावर हसत होता.

शेवटी आम्ही साचा केला. जाड लोखंडी पाटी, तिला चार भोकं, भोकांत पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाच्या कड्या. साचा बेअरिंगवर आवळायचा आणि कडीतून ड्रिल सोडायचं, म्हणजे त्याला इकडंतिकडं हलायला जागाच नाही. किती पाट्या बिघडवल्या ते विचारू नका. एकदा शेवटचं भोक तिरपं गेलं तेव्हा हा ऐरणीशी बसून मुसमुसून रडला. मी त्याला घरी नेऊन भाकरी खाऊ घातली. असल्या माणसावर तुम्ही तरी संशय घेतला असता का?

खंडेनवमीला आम्ही अवजारांची पूजा मांडत असू. पुजलेल्या अवजाराला दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि यात तो माझ्याहून कडक. एका वर्षी गिऱ्हाईक घाईत होतं म्हणून मी पाना उचलला, तर यानं माझा हात धरून तो परत ठेवायला लावला. त्या शेवटच्या नवमीला साच्याला हळदकुंकू त्यानंच लावलं, झेंडूही त्यानंच वाहिला.

दसऱ्याला सकाळी दुकान उघडलं तर झेंडू बाजूला काढून ठेवलेला, आणि साचा गायब. चोरी झाली हे सांगायला मी पळालो कुणाकडं? हसा मला, त्याच्याचकडं. वाटेत विचार एकच, याला आता कसं सावरू.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं नाही. "त्ये पहाटंच गेले," म्हणाल्या. "जिनिंगवाल्यानं त्यास्नी हेडमिस्त्री केलंय. तुमाला बोलले न्हाईत?"

तसाच जिनिंगच्या फाटकावर गेलो. आत नव्या पत्र्याची खोली दिसत होती. आमचं काम आता तिथं होणार होतं, आमच्याच साच्यावर. राग तर डोक्यात मावत नव्हता. पण खरं सांगतो, त्यानं बाहेर येऊन नुसतं 'चुकलं भाऊ' म्हटलं असतं, तर मी साचा त्याला देऊन टाकला असता.

पहारेकरी माझं नाव घेऊन आत गेला आणि परत आला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मिस्त्री बोल रै, पहचानता नैं."

आत हातड्रिल फिरत होतं. फिरवणारा हात त्याचाच होता, तो आवाज मला कळत होता. मी फाटकाशी उभा राहिलो. एक भोक पुरं झालं, आणि त्यानं दुसरं सुरू केलं.