दोन रंगांचं मंगळसूत्र

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस डोक्यातून गेल्या. खून गेले, दरोडे गेले, ज्यांच्यासाठी वरिष्ठांची शाबासकी मिळाली त्याही गेल्या. एका मंगळसूत्राची तक्रार मात्र अजून मनात घर करून आहे आणि गंमत अशी, की त्या तक्रारीत मी कोणालाही अटक केली नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरूच्या इंदिरानगर भागातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. मी मूळचा बेळगावकडचा, त्यामुळे घरी मराठी आणि ठाण्यात कन्नड. त्या वर्षी मंगळसूत्र खेचणाऱ्यांनी आमच्या नाकी नऊ आणले होते. मोटारसायकलवरून यायचे, भाजीला निघालेल्या बाईच्या गळ्याला हात घालायचे आणि पसार व्हायचे. सकाळी हजेरीच्या वेळी मी शिपायांना झापायचो, मग वरून मला झापलं जायचं.

अशाच एका संध्याकाळी एक जोडपं ठाण्यात आलं. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, निवृत्तीला टेकलेला, कडक इस्त्रीचा, मोजकं बोलणारा. बायको पन्नाशीची. गळा मोकळा होता म्हणून तिने पदर गच्च लपेटून घेतला होता. नवऱ्याने इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. आडनाव ऐकून मी मराठीत विचारलं, तुमचं गाव कुठलं? बाईंनी चटकन वर पाहिलं. नवऱ्याचं घराणं दोन पिढ्यांपासून बेंगळुरूत होतं, पण त्यांचं माहेर सांगलीकडचं.

पार्काजवळून चालले होते, मागून मोटारसायकल आली, हिसका बसला, एवढीच त्यांची हकिकत. गाडीचा रंग आठवत नव्हता. माणूस एक होता की दोन, तेही नाही. यात मला नवल वाटलं नाही, घाबरलेल्या माणसाला काही दिसत नाही. मग मी मंगळसूत्राचं वर्णन विचारलं आणि बाईंचा आवाजच बदलला. त्यातल्या दोन वाट्या दोन रंगांच्या होत्या. सासरची पिवळीधमक. माहेरची लालसर, वडिलांनी गावच्या सोनाराकडून समोर बसून करून घेतलेली. तो सोनार सोन्यात तांबं जरा सढळ हाताने घालायचा. ही वाटी काय उन्हात भाजली का, असं सासूबाई चिडवायच्या. इथल्या सराफाने दोन्ही एकसारख्या करून देतो म्हटलं, तरी बाईंनी हात लावू दिला नव्हता. आरशात पाहिलं की आधी तीच दिसायची, असं सांगताना त्या ठाण्यात बसल्यात हेच विसरल्या होत्या. नवऱ्याने दोनदा घड्याळ पाहिलं. मी सगळं वर्णन कन्नडमध्ये जसंच्या तसं उतरवून घेतलं.

सोन्याच्या रंगाचं हे शास्त्र मी नोकरीतच शिकलो. शुद्ध सोनं मऊ असतं, दागिना टिकायचा तर त्यात दुसरा धातू घालावाच लागतो. चांदी जास्त पडली की सोनं फिकं दिसतं, तांबं जास्त पडलं की लालसर. कस सारखा असला तरी रंग वेगळा असू शकतो. दुकानात बसलेल्या बायका घरच्या जुन्या बांगड्यांशी रंग जुळतो का, हे पाहण्यात अर्धा दिवस घालवतात आणि नवरे बाहेर उभे राहून ताटकळतात. चोराला याचं काही नसतं. त्याला वजनाशी मतलब.

काही दिवसांनी एक सराईत आमच्या हाती लागला. चौकशीत त्याने एकामागून एक चोऱ्या कबूल केल्या, पण ही एक काही केल्या कबूल करेना. "सार, उरलेलं सगळं माझं. त्या पार्काकडे मी गेलोच नाही," एवढंच म्हणत राहिला. इतक्या चोऱ्या कबूल करणारा माणूस एकच उगाच नाकारत नाही. त्याच्याकडे एक बेवारस मंगळसूत्र मिळालं होतं, त्याच्या दोन्ही वाट्या पिवळ्या होत्या. तरी मी बाईंना मुद्देमाल ओळखायला बोलावलं. नवरा म्हणाला, हेच असेल, नीट बघ. त्यांनी हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. त्यांनी ते हातात घेतलं, हळूच परत ठेवलं आणि हे दुसऱ्या कोणाचं तरी आहे, तिला मिळू दे, असं म्हणाल्या. माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं. गेलेली वस्तू सापडली नाही म्हणून माणसं हळहळतात. या बाईंना हायसं वाटलं होतं.

दोन रंगांच्या वाट्यांचं वर्णन आम्ही शहरातल्या सराफांना आधीच कळवलं होतं. जे. पी. नगरातल्या एका सराफाचा फोन आला. एक पोटुशी मुलगी त्याच्याकडे आली होती. तिच्या मंगळसूत्रात एकच पिवळी वाटी होती आणि दुसरी लालसर वाटी ती रुमालात घेऊन आली होती. दोन रंग शोभत नाहीत, आटवून जोडी करून देतो, असं म्हणत त्याने चार रंगांचे नमुने तिच्यापुढे मांडले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आहे तशीच ओवून द्या म्हणाली. जोडी न जुळवता जाणारं गिऱ्हाईक त्याने आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं, म्हणून त्याला आमचं वर्णन आठवलं.

मी साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो. दार तिनेच उघडलं. गळ्यात दोन्ही वाट्या शेजारी शेजारी होत्या. मी ओळख सांगितली आणि ही लालसर वाटी कोणी दिली, असं मराठीत विचारलं.

"आईनं," ती म्हणाली. "का? आईला काही झालं का?"

तिने तीन वर्षांपूर्वी एका कन्नड मुलाशी लग्न केलं होतं. वडिलांनी तेव्हापासून तिचं नाव टाकलं होतं आणि आईला तिच्याकडे जायला बंदी घातली होती. मंगळसूत्रात एक वाटी सासरची आणि एक माहेरची, ही रीत आपल्यात आहे तशी त्यांच्यातही आहे. हिच्या गळ्यात माहेरच्या वाटीची जागा रिकामी होती. सासूने कधी टोचून बोलून दाखवलं नाही, पण हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारायच्याच. आता आईने शेजारणीच्या हाती वाटी पाठवली होती, एवढंच तिला ठाऊक होतं. तक्रारीचं ऐकून ती खाली बसली. मग म्हणाली, सर, आईला काही करू नका, मी येते.

दुसऱ्या दिवशी तिघांनाही ठाण्यात बोलावलं. जोडपं आधी आलं. वाटी सापडली म्हटल्यावर बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मुलगी दारातून आत आली. वडील उठून उभे राहिले. ते तिच्याशी बोलले नाहीत. तिच्या पोटाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "साहेब, हिला खुर्ची सांगा."

बाईंना फार विचारावं लागलं नाही. एक वाटी काढून दिली असती तर नवऱ्याच्या लगेच लक्षात आलं असतं, म्हणून त्यांनी सगळंच चोरीला गेल्याचं सांगितलं होतं. खोटी तक्रार देणं हा गुन्हा आहे हे मी त्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि नवऱ्याकडे न बघता बोलल्या.

"माझे आईवडील गेले, भाऊ नाही. माझं माहेर तेवढ्या वाटीतच उरलं होतं, साहेब. हिचं माहेर चालतंबोलतं आहे, तरी हिला ते नाही. मला फार वाटायचं हो, एकदा तरी हिला जवळ घ्यावं. जाता येत नव्हतं, मग वाटी पाठवली."

नवऱ्याने विचारलं, "आणि माझी वाटी?"

बाईंनी कमरेला खोचलेला रुमाल सोडला. काळ्या मण्यांत ओवलेली पिवळी वाटी त्यात होती. ही कशी देईन, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याने ती हातात घेतली आणि तो चष्मा काढून पुसत बसला. इतका कडक माणूस, पण चष्मा काही पुसून होईना.

आता माझं काम उरलं होतं. तक्रारीतली वस्तू समोर होती आणि नियमाप्रमाणे ती जप्त करायला हवी होती. मी मुलीला ते सांगितलं. तिचे हात गळ्यामागे गेले.

"काढू नकोस," वडील म्हणाले. तीन वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते. मग माझ्याकडे वळले. "जबाब लिहून घ्या, साहेब. ही वाटी हिला आईवडिलांनी दिली."

"दोघांनी?" मी विचारलं.

"दोघांनी. सही मी करतो."

तक्रार गैरसमजातून दिली होती, चोरी झालेली नाही, असा अहवाल मी पाठवला. वरच्या साहेबांनी माझी चांगलीच कानउघाडणी केली, ती मी निमूट ऐकून घेतली. या केसने मला एक शिकवलं. तोवर मी तक्रारदार कुठे खोटं बोलतो ते शोधायचो. त्यानंतर तो कुठे खरं बोलून गेला, तेही पाहू लागलो. त्या बाईंनी पार्क, मोटारसायकल, हिसका सगळं रचलं होतं. पण परमुलखातल्या ठाण्यात कोणीतरी आपल्या भाषेत विचारलं आणि त्यांना वाटीचा रंग खोटा सांगता आला नाही. दोन पिवळ्या वाट्या म्हणाल्या असत्या, तर मी जन्मात त्या मुलीपर्यंत पोचलो नसतो.

जाताना बाईंनी मंगळसूत्र पुन्हा गळ्यात घातलं. आता त्यात एकच वाटी होती आणि माहेरची जागा रिकामी. ती भरून देणारं तिकडे कोणी उरलं नव्हतं आणि नवऱ्याला कितीही वाटलं तरी ती वाटी त्याला विकत आणता येणार नव्हती. नवरा बाहेर स्कूटरजवळ जाऊन उभा राहिला. बाईंनी मुलीला जवळ घेतलं, तिच्या गळ्यातली लालसर वाटी दोन बोटांत धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. नवऱ्याने हॉर्न वाजवला नाही.