नवीन आकडे घेऊ का?

प्रज्ञा कधी मोठ्यानं बोलली असं मला आठवत नाही. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तर तिच्यात बोलायची ताकदच उरली नव्हती. एसटीत उभं राहून तालुक्याच्या कचेरीत यायचं, दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसायचं, तशीच उभ्यानं परत. तिचं टेबल माझ्या शेजारी, गावही एकच. गावाला टँकरची रोज एकच खेप यायची. दुसरी मिळावी म्हणून सगळं गाव तिच्याकडं डोळे लावून बसलेलं. "हापिसात आपली सून हाय," असं तिची सासू भिमाबाई सांगत सुटलेली. कौतुक कसलं डोंबलाचं, गळ्यातली धोंड होती ती!

पोर नेवाशाला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली. ग्रामसेवक आणतील ते टंचाईचे आकडे ती एका फाईलीत भरायची. टँकर वाटणाऱ्या साहेबांचा आलेख दुसऱ्या फाईलीत. तिनं दोन्ही फाईली जोडून टाकल्या. इकडं आकडा वाढला की तिकडं त्या गावाचा खांब आपोआप वर. ज्याचा खांब उंच, त्याला टँकर आधी.

पण आलेख जागचा हलेना. विहिरी आटल्या, आकडे वाढले, खांब ढिम्म. तिनं जोडणी पुन्हा पुन्हा तपासली. डबा न उघडता घरी न्यायला लागली. शेवटी मीच म्हणालो, "अगं, साहेब फाईल उघडतात तेव्हा काय करतात ते तरी बघू."

गेलो दोघं. साहेबांनी फाईल उघडली. कॉम्प्युटरनं विचारलं, नवीन आकडे घेऊ का? साहेबांनी झटकन 'नाही' दाबलं.

"साहेब, नाही का म्हणालात?" प्रज्ञानं विचारलं.

"विचारतंय म्हणजे काहीतरी भानगड असणार. चौकशीत अडकतात ते सगळे 'हो' म्हणणारे, बाई. माझी सगळी नोकरी 'नाही' म्हणण्यात गेली."

घ्या! हसावं का कपाळ बडवावं?

"साहेब, एकदाच हो म्हणा. काही झालं तर माझ्या नावावर घाला."

साहेबांनी 'हो' दाबलं. सगळे खांब एकदम हलले. आमचा बघतो तर आधीपेक्षा खुजा!

"बोंबला! बिघडलं वाटतं," मी म्हणालो.

"बिघडलं नाही, काका."

आमचा आकडा वाढलाच होता. पण डोंगराकडच्या एका वस्तीचा आकडा इतका चढला होता, की तो खांब मावावा म्हणून बाकीचे सगळे बुटके झाले होते. त्या वस्तीला अजून एकही खेप नव्हती. आणि कचेरीकडं शिल्लक टँकर एकच.

साहेब खुर्चीत मागं रेलले. "तुझ्या नावावर घालायचंय ना? मग सांग तूच, कुणाला देऊ?"

मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"वस्तीला," ती म्हणाली.

संध्याकाळी आम्ही एसटीतून उतरून तिच्या घराशी आलो, तर भिमाबाई दारातच उभी होती. "आलं का गं आपलं नाव?"

"न्हाई, आत्या."

"न्हाई? तू हुतीस ना तिथं?"

"व्हते म्हनूनच न्हाई." तिनं वस्तीचं सगळं सांगितलं.

भिमाबाईनं ऐकून घेतलं. "तुला नोकरी लागली तवा गावभर पेढे वाटले हुते मी," एवढंच बोलली, आणि हंडा उचलून लांबच्या विहिरीच्या वाटेला लागली. प्रज्ञा उंबऱ्यावर बसून राहिली. सासूच्या मागं जायचंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.