सासूबाईंना वर पोचवायचं

मी सासूबाईंना संपवायला निघालो होतो, असं माझ्या सासुरवाडीत, गारगोटीत काही लोक अजून मानतात. चहा घ्या, सांगतो. तसं काही नव्हतं.

आम्हाला व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जायचं होतं. हिमालयातलं राष्ट्रीय उद्यान, पावसाळ्यात सगळी दरी फुलांनी भरते. मी, बायको सुजाता आणि तिची आई. सासरे घर सोडत नाहीत, म्हणून त्यांना विचारलंच नव्हतं.

अडचण एकच. तिथं वरपर्यंत गाडी जात नाही आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. पण तिथली माणसं पाठीवरच्या टोकरीत बसवून वर नेतात. दर वजनावर असतो. आता सासूबाईंना वजन कुणी विचारायचं? तुम्ही विचाराल?

मी आपला अंदाज बांधला आणि दुकानात बसल्या बसल्या तिथल्या गाईडला कोल्हापुरी हिंदीत व्हॉइस मेसेज पाठवला. "भाईसाब, हमारी सासूबाई है. वजन लई है. उनको ऊपर पहुँचाने का क्या लेंगे? आदमी तगडा देना, काम आधा नहीं छोडना."

थोड्या वेळानं सासऱ्यांचा फोन आला.

"पावणं, सुपारी कुणाला दिलीसा?"

"कसली सुपारी, मामा?"

"ग्रुपवर समद्यांनी ऐकलंय की."

मेसेज गाईडला गेलाच नव्हता. सुजाताच्या माहेरच्या ग्रुपवर गेला होता. घाईघाईनं पुसायला गेलो, तर तो फक्त माझ्या फोनवरून पुसला गेला. म्हणजे आता मी सोडून सगळ्यांकडे होता.

सुजातानं एकदा ऐकला आणि म्हणाली, "गाडी काढ."

गारगोटीत पोचलो तर बाहेरच्या सोप्यात बैठकच भरलेली. कोडोलीहून सुजाताच्या मावशीही आलेल्या. मी उभ्या उभ्या टोकरीचं सगळं सांगितलं, फोनवर फोटो दाखवले. सासूबाईंनी फोटो बराच वेळ निरखले.

"म्हंजी आपण चालायचंच न्हाय?"

"नाही मामी. नुसतं बसायचं."

"आन वजन कितीबी असू दे?"

"कितीही."

मावशी पुढं सरकल्या. "मग माझंबी नाव घाला की. मी हिच्यापरास जड हाय."

"मला कुणी इचारलंच न्हाय," सासरे म्हणाले. सुपारीपेक्षा हे त्यांना जास्त लागलं होतं, हे तेव्हा कळलं.

मग सासरेही आले यादीत. सगळं ठरत आलं आणि सासूबाई म्हणाल्या, "अवो, पर म्हशींचं काय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एवढं करून ठेवल्यावर नाही म्हणायला तोंड कुठलं?

तर ऐन फुलांच्या दिवसांत मी गारगोटीच्या गोठ्यात. पहिल्याच सकाळी म्हशीनं लाथ घातली. सासूबाईंना फोन लावला.

"तिला माझी सवय हाय," त्या म्हणाल्या. "माझं जुनं लुगडं खुंटीला हाय, ते नेसा. मग सोडंल पान्हा."

नेसलो. म्हैस गपगुमान उभी राहिली.

धार काढत बसलो होतो, तेवढ्यात शेजारचे अण्णा दूध न्यायला आले. दारातच थांबले. मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"पावणं, तुम्ही हिमालयात जाणार हुतासा न्हवं?"

"व्हय," म्हटलं, आणि पदर खोचला.